पक्कडभाऊ आणि बंद पेटी

आमच्या इमारतीत पाचव्या मजल्यावर राहणाऱ्या लिफ्ट मेकॅनिकला सगळे पक्कडभाऊ म्हणतात. खिशात पक्कड नसली तर त्यांचा चालताना तोल जातो, असं त्यांची बायकोच सांगते. त्या शाळेत गणित शिकवायच्या, म्हणून आमच्यासाठी बाई. पाय गेल्यापासून चाकांच्या खुर्चीत असतात. रोज लिफ्टने उतरून कोपऱ्यावरच्या वाचनालयात मुलांना शिकवायला जायच्या. तेवढंच त्यांचं बाहेरचं जग.

भाऊ सोळाव्या वर्षी या धंद्यात आले. तेव्हा लिफ्ट चालवणाऱ्या विजेच्या पेटीच्या दाराला आतून तारांचा नकाशा चिकटवलेला असे. दुरुस्ती करणाऱ्याने काय बिघडलं आणि काय बदललं ते कडेला पेन्सिलीने लिहून सही करायची, असा रिवाज होता.

"मला शिकवणारे निम्मे लोक मी पाहिलेसुद्धा नाहीत, काकू," ते मला एकदा म्हणाले होते. "अक्षर तेवढं ओळखतो."

आमची लिफ्ट नवी केली तेव्हा कंपनीने बंद पेटी बसवली. आत प्रोग्रॅम आणि त्याला कंपनीचा पासवर्ड. यंदा नऊ फेब्रुवारीला (माझ्या डायरीत नोंद आहे) लिफ्ट थांबली. मोटर ठणठणीत, दोर ठणठणीत. पेटीवर नुसतं 'सेवेची मुदत संपली' असं येत होतं. अर्ध्या शहराच्या लिफ्ट चालत्या ठेवणारा माणूस स्वतःच्या दारातल्या लिफ्टपुढे हात चोळत उभा होता.

बाईंना खाली येता येईना, म्हणून इमारतीची सभा पाचव्याच्या जिन्यात भरली. भाऊंनी एक उपाय सुचवला. काही मेकॅनिक आणि शिक्षकांनी मिळून लिफ्टचा प्रोग्रॅम लिहिला होता. तो कुणीही वाचावा, सुधारावा आणि सुधारलेला परत सगळ्यांना द्यावा. मात्र नवा बोर्ड, तपासणी, सरकारी निरीक्षकाचा शिक्का यांत दोन महिने तरी जाणार. कंपनी सेवेच्या नव्या करारावर सही होताच सोमवारी यायला तयार होती. अट एकच, पाच वर्षं दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीलाही त्यांचंच कुलूप.

"फुकटातलं ते फुकटातलंच," सेक्रेटरी म्हणाले. "उद्या बंद पडली तर कुणाच्या नावाने बोंब मारायची?"

"आज कुणाच्या नावाने मारताय?" भाऊ म्हणाले. "आणि फुकट कुठलं? राबावं लागणारच. बिघडलं तर आत डोकावता यावं, एवढंच माझं म्हणणं."

"तुमचं म्हणणं सोळा आणे खरं," बाई दारातून म्हणाल्या. "पण मी बारा दिवस समोरच्यांच्या खिडक्या मोजतेय. सही करा."

भाऊंनी मान खाली घालून सभेच्या ठरावावर सही केली.

सहा महिन्यांनी लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली. आत बाई एकट्या. कंपनीचा माणूस तीन तासांत येणार होता. भाऊ तिसऱ्यावर माझ्या दारासमोरच्या पायरीवर बसले.

"घाबरू नकोस गं."

"घाबरत नाहीये, उकडतंय. तुम्ही काय करताय?"

"बसलोय. करार आहे. कुलूप त्यांचं."

"लिफ्टवाल्याशी लग्न केलं, आणि तो म्हणे बसलाय!"

तासाभराने आतून पुन्हा हाक आली.

"अहो, दिवापण गेला."

त्यात थट्टा नव्हती. भाऊ उठले. कुलूप तोडल्याचा आवाज तिसऱ्यापर्यंत आला. वर त्यांनी मोटरचं चाक हाताने फिरवत इंचाइंचाने लिफ्ट तिसऱ्याला आणली, खाली सेक्रेटरींनी आणि मी दार ओढलं. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता.

आठवडाभरात कंपनीचं पत्र आलं, तुम्ही करार मोडलात. त्यांनी तिकडे बसल्याबसल्याच लिफ्ट बंद केली. आता सेक्रेटरीच पाचव्यावर गेले. "भाऊ, तो तुमचा उघडा प्रोग्रॅम..."

त्याला सात आठवडे झाले. बाई अजून वरच आहेत. भाऊ प्रोग्रॅम कागदावर छापून आणतात आणि दोघं टेबलाशी ओळ न् ओळ वाचतात. मी परवा गेले तेव्हा बाईंचं लाल पेन चालू होतं.

"हे बघा काकू, दार आठ सेकंद उघडं राहणार. आठ सेकंदांत माझी खुर्ची निम्मीच आत जाते! कंपनीचं दारही अंगावर यायचं, पण तेव्हा सांगणार कुणाला?"

"मग आता?"

"लिहून पाठवलं हिने," भाऊ म्हणाले. "परक्या देशातल्या कुणा मेकॅनिकचं उत्तर आलं, चूक आमची, वीस करतो. केलेसुद्धा. सगळ्यांसाठी."

"आणि निरीक्षक?"

"एकोणीस तारीख दिलीय."

"मागच्या महिन्यातही एकोणीसच दिली होती," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढचं पान ओढलं. "चला, ओळ दोनशे चाळीस. मोठ्याने वाचा."