मोटारीच्या जाळीवरचा हार

ताकाची रवी जशी दोन्ही तळहातांत धरून फिरवतात, तशीच मोटारीच्या इंजिनाचे वाल, म्हणजे झडपा, घासायची काठी फिरवायची असते. हे मला लग्न होऊन मुरुमला आल्यावर कळलं. काठीच्या टोकाला रबराची छोटी वाटी असते. ती वालाच्या डोक्याला चिकटवायची, कडेला खरखरीत मलम लावायचं आणि इकडे-तिकडे फिरवत राहायचं. वाल आणि त्याची बैठक एकमेकांना असे बसले पाहिजेत, की मधून हवासुद्धा जाता कामा नये. आमचे हे म्हणायचे, "तुझा हात हलका हाय. माझ्यापेक्षा बरं घासतीस." मी घासत राहायची. त्या काळात मी कुणाशीच फारसं बोलत नसे.

लढाईची वर्षं होती. हे मुरुमातल्या एका अडत व्यापाऱ्याकडे मोटार चालवायला आणि तिची देखभाल करायला होते. मोटार मोठी, एका ओळीत सहा सिलिंडरचं इंजिन. मालकांनी हौसेनं हैदराबादहून आणलेली. पुढं पेट्रोल मिळेना म्हणून मागच्या बाजूला कोळशाच्या गॅसची टाकी बसवली, आणि मोटारीतला जीवच गेला. सपाटीला कशीबशी पळायची, चढ आला की माणसं उतरून ढकलायची. बाजारात लोक हसायचे, "मालक मोटारीत बसत न्हायती, मोटारच मालकावर बसलीय." मालक वैतागले. मोटार मोडीत घ्यायला सोलापूरचा एक मोडीवाला मागे लागलेलाच होता. एक दिवस ते ह्यांना म्हणाले, "हे बघ, खंडेनवमीला अव्वाला घेऊन तुळजापूरला जायचंय. न ढकलता चढली तर ठेवतो. न्हाय चढली तर दर्शन झालं की तिथूनच खाली सोलापूर. बिलकुल घरी आणणार न्हाय."

अव्वा म्हणजे मालकांच्या आई.

मोटार गेली की ह्यांचं काम गेलं. आणि काम जायची माझे थोरले दीर वाटच बघत होते. त्यांनी ह्यांच्यासाठी सोलापुरात फौजेच्या भरतीवाल्याशी बोलून ठेवलं होतं. फौजेला लॉरी चालवणारे पाहिजेच होते. दीर वाईट माणूस नव्हे. पगार बरा, अंगावर कपडा, पोटाला भाकरी, एवढंच त्यांनी पाहिलं होतं. हे नुसतं "बघू" म्हणायचे. मी चुलीपुढं बसून ऐकायची. लढाई कुठं चालली आहे ते मला माहीत नव्हतं. आमच्या गल्लीतला एकजण तिकडं गेला होता आणि त्याच्या आईच्या दारात बरेच दिवस पोस्टमन आला नव्हता, हे मात्र रोज दिसत होतं.

म्हणून त्या पावसाळ्यात आम्ही दोघं त्या इंजिनाच्या मागे लागलो. ह्यांनी इंजिनाच्या वरचं झाकण, म्हणजे हेड, उतरवून सोलापूरला नेलं आणि कारखान्यातून त्याचा तळ थोडा तासून आणला. चार-सहा पोस्टकार्डं एकावर एक ठेवावीत एवढाच थर काढला असेल. मी विचारलं, "चांगलं लोखंड कशाला काढलं?" तर म्हणाले, "आतली जागा कमी झाली की गॅस जास्त दाबला जातोय. दाबलेला गॅस जोरात ढकलतोय." मग ते हेड बैलगाडीतून घरी आलं आणि परसात गोणपाटावर बसलं. सासूबाई म्हणाल्या, "ही कोण नवी सून आणलीस?"

वाल घासायचं काम माझ्याकडं. ज्या बैठकीतला वाल त्याच बैठकीत गेला पाहिजे, म्हणून मी चिखलाची लांबट वडी थापून त्यात ते ओळीनं उभे खोचून ठेवले होते. घासून झाल्यावर हेड उलटं करून प्रत्येक खळग्यात थोडं रॉकेल ओतायचं आणि खालून पाझरतं का बघायचं. रॉकेल तेव्हा मापानं मिळायचं. दिव्यातलं काढून ओतलं. हे खाली वाकून बघत राहिले, मी पदर तोंडाशी धरून उभी. बोट लावून बघितलं, कोरडं. दुसरं, कोरडं. सगळी कोरडी निघाली तेव्हा ह्यांनी उठून पाठ सरळ केली आणि म्हणाले, "चहा टाक." मी आधण ठेवलं. रॉकेल परत दिव्यात भरलं.

इंजिन बसलं, तरी खरी मेहनत पुढं होती. कोळशाचा गॅस आळशी, उशिरा पेटतो, म्हणून ठिणगी जरा आधी पडली पाहिजे. ती किती आधी, हे कुणी सांगितलेलं नव्हतं. हे ठिणगी देणारी डबी जराशी फिरवायचे, अणदूरच्या रस्त्याला चढावर नेऊन बघायचे, परत येऊन पुन्हा फिरवायचे. फार आधी पडली की इंजिन कडकड वाजायचं, उशिरा पडली की मोटार ढेपाळायची. हळूहळू आवाज एकसारखा होत गेला. सहाच्या सहा सिलिंडर सारखे बोलायला लागले की मोटार उभी आहे का चालू आहे, हे बॉनेटवर हात ठेवल्याशिवाय कळत नसे. नवमीच्या आदल्या दिवशी ह्यांनी माझा हात धरून बॉनेटवर ठेवला. मांजर घुरघुरावं तसं लागत होतं.

नवमीच्या सकाळी मालकांच्या घरी तराजू, वजनं, विळे, सगळी हत्यारं पूजेला मांडली. ह्यांचे पाने आणि पेचकसही मांडले. पूजेला बसलेलं हत्यार दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी उचलायचं नाही, म्हणून ते तिथंच राहिले. मोटारीची पूजा अव्वांनी स्वतः केली. विभूतीचे पट्टे ओढले, नारळ फोडला. नातवाच्या पाळण्याला करावा एवढ्या हौसेनं त्यांनी झेंडूचा हार केला होता. दंडासारखा जाड, पदरावर पदर. पुढच्या जाळीवर तो वरपासून खालपर्यंत बांधला. जाळी कुठं दिसेना.

हे हळूच म्हणाले, "अव्वा, त्या जाळीतून इंजिनाला वारा लागतोय. हार जरा बाजूला..."

"सुम्म रहा, गप्प बस," अव्वा म्हणाल्या. "पूजेचा हार काढत न्हायती. तुझ्या लग्नात मुंडावळ्या टोचायला लागल्या म्हणून काढलास का?"

सगळे हसले. हे टाकीत कोळसा घालायला गेले.

अव्वांना धरून चढवायला-उतरवायला बाई माणूस पाहिजे, म्हणून मला बरोबर घेतलं होतं. मी मागं त्यांच्या शेजारी अंग चोरून बसले. नळदुर्गपर्यंत मोटार अशी गेली, की मालक एकदा मागं वळून आईला म्हणाले, "अव्वा, काय म्हणतीस?" माझ्या छातीवरचं ओझं तिथंच निम्मं उतरलं होतं.

तुळजापूरच्या अलीकडं चढ लागला. मोटार जोरात निघाली, आणि अर्ध्यावर पुढून वाफ यायला लागली. हे थांबले, उतरले. पुढच्या पाण्याच्या टाकीचं झाकण थडथड वाजत होतं. आजूबाजूनं पायी जाणारे भक्त बघत उभे राहिले.

"उकळली," मालक म्हणाले. "मी म्हणत होतो तरी. चांगलं इंजिन फाडून ठेवलास. आता कर उघडून काय करायचं ते."

"उघडायचं काम न्हाय, मालक. इंजिन ठीक हाय. पुढं हार..."

"तुझं इंजिन बिघडलं तर देवाच्या हाराला नावं ठेवतोस व्हय? पाने कुठं हायत?"

"पूजेत."

"मग झालं! सोलापूरलाच नेतो हिला."

ह्यांनी खाली बघितलं. हार हाताशीच होता, पण मालकांच्या आईनं बांधलेला पूजेचा हार ह्यांनी काढायचा कसा? मालकही काढणार नव्हते. मी अव्वांना उतरवून कडेच्या दगडावर बसवलं. वाफेबरोबर शिजलेल्या झेंडूचा वास येत होता, भाजी उतू गेल्यासारखा. फुलं काळी पडून लोंबायला लागली होती.

मी अव्वांशी त्याआधी हो-नाहीपलीकडं बोलले नव्हते. वाकून त्यांच्या कानाशी म्हटलं, "अव्वा, फुलं पार कोमेजली. निर्माल्य झालं. देवाच्या अंगावर निर्माल्य ठेवू न्हाय म्हणता ना तुमी?"

अव्वांनी डोळे बारीक करून बघितलं. मग लेकाला ओरडल्या, "अरे, निर्माल्य लोंबतंय मोटारीवर आणि तू काय बडबडतोस? लिंबाखाली ठेव नेऊन. न्हाय, थांब, मीच काढते. मीच बांधलाय."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी गाठी सोडल्या, नमस्कार केला आणि हार कडुलिंबाच्या बुंध्याशी ठेवला. जाळी मोकळी झाली. ह्यांनी झाकणाला हातही लावला नाही, वाफ आपोआप बसू दिली, मग भक्तांकडून घागरभर पाणी घेऊन हळूहळू ओतलं. मागच्या टाकीत कोळसा घातला, तिचा विस्तव फुलवायच्या पंख्याचा दांडा फिरवला. इंजिन एकदा खोकलं आणि लागलं. सगळे बसलो. मी डोळे मिटून पायातून तो आवाज ऐकत होते. तो कुठंही अडखळला नाही. डोळे उघडले तेव्हा देवळाचं शिखर दिसत होतं आणि कुणी उतरून ढकललं नव्हतं.

दर्शन करून रात्री आम्ही तुळजापूरलाच राहिलो. दसऱ्याच्या पहाटे देवीचं सीमोल्लंघन बघून आम्ही निघालो, तेव्हा सोलापूरचा फाटा आला आणि मोटार तिकडं न वळता नळदुर्गच्या रस्त्याला लागली. नळदुर्गला मालकांनी गाडी थांबवून एका कोळसेवाल्याला बाभळीचा कोळसा पुढल्या सालापर्यंत पोचवत राहायला सांगितलं. मोटार ठेवली असं त्यांनी तोंडानं कधी म्हटलं नाही. ह्यांनी आरशातून माझ्याकडं बघितलं, एवढंच.

त्यानंतरची वाट मला आठवत नाही. मला झोप लागली होती, तीही अव्वांच्या खांद्यावर डोकं टाकून. मुरुमच्या वेशीजवळ जरा जाग आली तेव्हा अव्वा पुढं बघून म्हणत होत्या, "हळू हाण रे. पोरगी निजलीय."