पाणी किती झालं?

कारेगावच्या एका ओळखीच्या कंपनी कामगाराचं वजन कमी करण्याचं ऑपरेशन माझ्या दोन वर्षं आधी झालं होतं. माझं झाल्यापासून तो रोज सकाळी फोन करायचा. "सर, पाणी किती झालं? घोट घोट प्या. म्या एकदाबी चुकलो न्हाई." ऐकून ऐकून मला वीट आला होता.

तळेगावला सासरकडच्या एका लग्नात त्यालाही बोलावणं होतं. तिथं त्याची नजर चुकवून मी दोन गुलाबजाम खाल्ले आणि मांडवामागं जाऊन ओकलो. तो पाणी घेऊन धावत आला. आता हा शिकवणार, म्हणून मी वैतागलोच. तेवढ्यात ऑपरेशनला विरोध करणारे माझे सासरे आले.

"कोण ओकलं रं?"

"म्याच, आबा. हावरटपणा केला."

सासऱ्यांनी त्याला चारचौघांत झापलं. तो मान खाली घालून ऐकत राहिला आणि मी त्यानं आणलेलं पाणी घोट घोट पीत राहिलो.