बंबाची बारीक धार

आमच्या उत्रोलीच्या घरी न्हाणीत तांब्याचा बंब होता. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो भोरच्या बाजारातून बैलगाडीत घालून आणला तेव्हा अर्धा गाव बघायला लोटला. तोवर पाणी तापायचं ते चुलीवरच्या हंड्यात. मधल्या नळकांड्यात ढलप्या पेटवायच्या, भोवतीचं पाणी तापतं आणि खालची तोटी फिरवली की घंगाळात पडतं, हे आबा येईल त्याला करून दाखवायचे. बंब जणू त्यांनीच घडवला होता.

पण दोन-तीन वर्षांत तोटीची धार बारीक झाली. करंगळीएवढी होती ती सुतळीएवढी झाली. घंगाळ भरता भरता पाणी निवायला लागायचं, आणि आबांना तर अंग लाल होईल असं कढत पाणी लागायचं. त्यांची आंघोळ सगळ्यांच्या शेवटी. मग ते न्हाणीबाहेर उघड्या अंगाने येरझाऱ्या घालायचे आणि तोटीचा उद्धार करायचे.

आई मात्र त्या तोटीवर खूश होती. घरातल्या पुरुषांचं पाणी काढायचं आणि त्यात बेताचं विसण, म्हणजे गार पाणी, घालून द्यायचं काम तिचं. आजोबा, दोघे काका, मग आबा. घंगाळ भरेपर्यंत तिला न्हाणीतून हलता यायचं नाही, म्हणून तेवढा वेळ ती बसायची. दिवसभरात तिला स्वस्थ टेकायला मिळायचं ते एवढंच. ओसरीवर आजोबा, सोप्यात काका. सुनेने त्यांच्यासमोर पाय पसरून बसायची सोयच नव्हती. न्हाणीत बसलेल्या सुनेला कुणी बोलायचं नाही, कारण ती तिथे पाणी काढत होती. तोटी सोडून ती भिंतीला पाठ लावायची, पाय लांब करायची आणि माझं डोकं मांडीवर घेऊन उवा बघायची. मार्गासनीच्या तिच्या माहेरच्या गोष्टी मी तिथेच ऐकल्या. तिच्या लुगड्याला धुराचा वास यायचा. तो वास मला अजून हवा असतो, आणि कुठे मिळत नाही.

आबांनी मात्र धार मोठी करायचा चंगच बांधला. आधी त्यांनी तोटीत छत्रीची काडी घातली. काडी मोडून आत अडकली आणि ती काढण्यात एक सकाळ गेली. मग पाण्याला जोर यावा म्हणून मागून दगड सरकवून बंब पुढे कलवला. त्याने धार तेवढीच राहिली आणि निखारे मात्र न्हाणीभर झाले. मग त्यांनी विहिरीला दोष दिला. विहीर बिचारी काय बोलणार?

शेवटी एका सणाच्या आदल्या दिवशी त्यांनी तोटीच काढली. आई बाजूला बसून चिंच आणि मीठ लावून बंब घासत होती. आबांनी भोकात डोकावून पाहिलं, तर आत पांढऱ्या क्षाराचा जाड थर. त्यांनी आईच्या हातातल्या चिंचेकडे पाहिलं.

"भाईरनं एवढी घासतीस, मग आतनं का न्हाई?"

आई खाली मान घालून घासत राहिली. हेच मी तिला मागे विचारलं होतं, तेव्हा ती हसून म्हणाली होती, "पडतंय की पानी. कशाला घाई?" म्हणजे तिला उपाय ठाऊक होता. आता तो आबांनाही कळला होता, आणि मला एकदम रडू आलं.

रात्रभर बंबात चिंचेचं पाणी मुरत ठेवलं. सकाळी तोटी फिरवली आणि धो-धो धार लागली. काकांनी आबांची पाठ थोपटली. घंगाळ डोळ्यांदेखत भरलं. आई उभ्यानेच तोटी सोडायची, उभ्यानेच बंद करायची आणि लगेच भाकऱ्यांकडे पळायची. माझ्या उवांना तेवढे चांगले दिवस आले.

मी आठ दिवस धुमसत होते. मग एका सकाळी आबांचं घंगाळ वाफाळत भरलेलं असताना मी त्यांच्यावर ओरडले, "तुमी बंब नीट केला आन् आईचं बसनं गेलं!"

"बसनं? कसलं बसनं?"

मी रडत रडत सगळं सांगितलं. आई माझ्या तोंडावर हात ठेवायला धावली, पण सांगून झालं होतं. आबा तिच्याकडे बघत राहिले.

"बस की मग," ते म्हणाले. "कोन नगं म्हनतंय?"

"तुमी हुबं, आन् मी बसू व्हय?"

 आबांनी पंचा खांद्यावर टाकला. "गोठ्यात बगून येतो जरा," म्हणाले आणि निघून गेले. आई थोडा वेळ दाराकडे बघत उभी राहिली. मग हळूच बसली, पाय लांब केले आणि मला जवळ ओढलं.

आबा परत आले तेव्हा पाण्यावरची वाफ गेली होती. आई गडबडीने उठली. "निवलं की वो. दुसरं काढते."

"आसू दे. ह्येच बरं हाय," आबा म्हणाले आणि तांब्या डोक्यावर ओतून घेतला.

त्यानंतर त्यांचं पाणी काढून झालं की रोज गोठ्यात काहीतरी काम निघायचं. आबा कायमचे निवून गार झालेल्या पाण्याने आंघोळ करायला लागले, अगदी पौषातल्या थंडीतसुद्धा.