यावच्या वाट्याचं ताट

याव आमच्या चॉन्जू शहरातल्या गल्लीत राहायला आला तेव्हा मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, या पोराच्या पायाला भिंगरी आहे. शिम मावशींकडे विद्यार्थी खोली घेऊन राहतात आणि जेवतातही तिथेच. पण बसून न जेवणारा विद्यार्थी मावशींनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. हा सूपचा वाडगा हातात घेऊन अंगणात फिरायचा. एक घोट झाडापाशी, दुसरा फाटकापाशी, तिसरा माझ्या कट्ट्यापाशी.

"अरे, त्या सूपला तरी चक्कर येईल," मी म्हणायचो.

"आजोबा, तुम्ही बसा ना. मी तुमच्याही वाट्याचं चालतो," तो म्हणायचा. तीन वर्षांत आमची भाषा शिकला तो अशी, टोमण्यांसकट.

त्याचं गाव घानामध्ये, आत जंगलात कुठेतरी. आमच्या विद्यापीठात तो पूल बांधायला शिकत होता. गेल्या वसंतात त्याचं चालणं फारच वाढलं, तेव्हा मी आपली गल्लीत एक बातमी सोडून दिली, की पाद्रीबाबांच्या धाकट्या मुलीवर याचा जीव जडलाय. बातमी संध्याकाळच्या आत चर्चला पोहोचली. पुढच्या रविवारी त्या मुलीने बाक बदलला.

"आजोबा, काय केलंत हे?" तो तणतणत आला.

"मग खरं काय ते सांग. म्हणजे मला खोटं बोलायचे कष्ट पडणार नाहीत."

तेव्हा कुठे त्याने सांगितलं. तेही फेऱ्या मारत मारतच.

त्याला वाढवलं मामाने. मामा गावच्या नदीदेवीचा भगत. त्यांच्यात वारसा बापाकडून येत नाही, मामाकडून भाच्याकडे जातो. म्हणजे मामानंतर भगत व्हायचं ते यावने. आणि यावने तर शाळेत असतानाच बाप्तिस्मा घेतलेला. सगळं कुळ पेटलं, एकटा मामा गप्प राहिला. परदेशी निघताना त्याने भाच्याच्या हातात पाण्याची बाटली दिली आणि म्हणाला, "नदीची नाही, नळाची आहे. बिनधास्त पी."

असा मामा आता अंथरुणाला खिळला होता. एकदा तोंड दाखवून जा म्हणत होता. पण कुळातले म्हातारे पांढऱ्या मातीचं भांडं तयार ठेवून बसलेले. ती माती अंगाला फासली की माणूस भगत झाला. मग नाही म्हणायची सोय नाही.

"मग जाऊ नकोस," मी म्हणालो.

"मामा आहे हो तो माझा."

"मग जा."

"आणि माती?"

असं आमचं रोज चालायचं. सल्ला देऊन देऊन माझं तोंड दुखलं, चालून चालून त्याचे बूट फाटले.

आता त्या ताटाचं सांगतो. शिम मावशी दरवर्षी नवऱ्याच्या तिथीला पितरांची पूजा मांडतात. पूजा झाली की प्रसादाचं ताट घरातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला जातं. याव ते खात नसे. मेलेल्यांना दाखवलेलं अन्न आपल्या धर्मात चालत नाही, असं त्याला मावशींच्याच मुलाने बजावून ठेवलं होतं. हा मुलगा, तेशिक, चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारा कडक माणूस. यावला ही खोलीही त्यानेच मिळवून दिलेली. तेव्हा ते ताट याव मावशींच्या देखत मला आणून द्यायचा आणि पूजा आवरेपर्यंत ओढ्याकाठी चालत राहायचा. मासा, भजी, भाताचे लाडू. यावच्या धर्मनिष्ठेबद्दल मला फार आदर होता.

यंदाच्या तिथीलाही तो निघाला, पण फोन स्वयंपाकघरात विसरला म्हणून परत वळला. मी तिथेच होतो, ताटावर नजर ठेवून. याव दारात आला आणि खिळल्यासारखा उभा राहिला. जमिनीवर आईचा एप्रन बांधून तेशिक बसला होता, हातात सुरी, पुढ्यात पूजेला लागणाऱ्या कडक सालीच्या चेस्टनटचा ढीग.

"काका, तुम्ही?"

तेशिकचा चेहरा असा झाला, की मी दारूचा पेला खाली ठेवला.

"मी पितरांपुढे वाकत नाही," तो घाईघाईने म्हणाला. "पूजेच्या खोलीत पाऊलही टाकत नाही. फक्त सोलतो."

"बाप गेल्यापासून सोलतोय," चुलीकडून मावशी म्हणाल्या. "वाकायला कंबर नाही, सुरीला मात्र हात आहेत."

"पण हे पूजेसाठीच ना?" यावने विचारलं.

"बाबांना चेस्टनट कडा नीट काढलेली आवडायची. आई जाड साल काढते, निम्मं फळ जातं."

"तुझ्या बापाने कधी तक्रार केली नाही हो!"

"करायची हिंमत होती का त्यांची?"

"काका, मग मला तुम्ही शिकवलंत ते?"

"ते खरंच आहे." तेशिक बराच वेळ सुरी पुसत राहिला. "आणि हे बाबांचं आहे. यापुढे मला विचारू नकोस, मलाच कळलेलं नाही."

याव आत आला. मग तो बसला. हो, मांडी घालून बसला, आणि दुसरी सुरी उचलली. त्याने सोललेली चेस्टनट मावशींनी उजेडात धरून तपासली आणि म्हणाल्या, "माझ्यापेक्षा जाड."

पूजा झाल्यावर माझं ताट आलं. मासा होता, भजी होती. चेस्टनट एकही नव्हतं.

"खाल्लीस?" मी विचारलं.

"खिशात आहेत," तो म्हणाला, आणि लागला चालायला. पण त्या आठवड्यात तो विमानात बसला.

पुढे बरेच दिवस काही कळेना. मावशी म्हणायच्या, फासली असेल माती. मी म्हणायचो, याला धरून उभं करेल असा म्हातारा अजून जन्मायचाय. शेवटी त्याचा फोन आला, चेहरा दिसणारा. दोन्ही हात मनगटापर्यंत पांढरे!

"फासली गं बाई!" मावशींनी कपाळावर हात मारला.

"मावशी, सुरणासारखा कंद असतो आमचा, त्याचा चीक आहे. मामाच्या पूजेला लागतो. सोलतोय. फार खाजतं."

"आणि ती माती?"

तो पोहोचला त्याच सकाळी म्हातारे भांडं घेऊन आले होते. मामाने ते मागून घेतलं आणि खाटेवरूनच अंगणात उपडं केलं. म्हणाला, "माझ्या देवीला धरून आणलेला माणूस नको. नदी कुणाला घरातून ओढून नेत नाही." आता वारसा यावच्या थोरल्या मावशीच्या मुलाकडे जाणार.

"म्हणजे सुटलास! मग कधी येतोस?" मी विचारलं.

"मामा आहे तोवर इथेच." एवढं बोलेपर्यंत फोन हलायला लागला. मागची भिंत गेली, झाड आलं, परत भिंत आली. "इथले पाद्री म्हणतात, पूजेला हात कसा लावलास. गावकरी म्हणतात, भगत नाही व्हायचं तर सोलतोस कशाला."

"आणि तू काय म्हणतोस?"

"मी म्हणतो, मामाला जाड साल चालत नाही."

खिशातली चेस्टनट मामाने खाल्ली होती, दात नसताना, किसून घेऊन. खाण्याआधी त्याने विचारलं होतं, कुणाच्या बापाची? शिम मावशींच्या नवऱ्याची म्हटल्यावर त्याला नमस्कार कळवायला सांगितला होता. तो मावशींनी पुढच्या तिथीला कळवला. त्या दिवशी ताट त्यांनी स्वतःच माझ्यापुढे आणून ठेवलं.

"यावच्या वाट्याचं आहे," त्या म्हणाल्या. "चालत चालत खा."