मोहाडी ओळखणारं यंत्र

जळाले मी. सरळ सांगते, आता या वयात कोणाची भीती? धाकट्या बहिणीला इंग्लंडात नर्सची नोकरी लागली आणि मोहाडीभर पेढे वाटत फिरायचं काम माझ्यावर आलं. मी शाळेत भूगोल शिकवत होते. आमच्या जिल्ह्यातून गोंदिया वेगळा झाल्यावर उरलेल्या जिल्ह्याचा नवा नकाशा पोरांकडून गिरवून घेण्यात माझी वर्षं चालली होती. टेम्स कुठून निघते, कुठे समुद्राला मिळते, मला तोंडपाठ. आणि ती बघायला निघालं कोण? जिला आठवीत नकाशात वैनगंगा सापडत नव्हती, ती!

तिकडे तिला स्वतः गाडी चालवत पेशंटच्या घरोघरी जायचं होतं. रस्ता सांगणारं यंत्र आपलं आपण आणा, असं पत्रात लिहिलं होतं. पहिले काही महिने परीक्षेचे, जमलं नाही तर घरी परत. म्हणून आम्ही सगळेच नागपूरला गेलो. आमच्याकडे फ्रीज घ्यायचा असो की चप्पल, अख्खं घर दुकानात जातं.

दुकानदाराने दोन यंत्रं काढली. बाबा म्हणाले, "मोहाडी दाखवा." पहिल्यात मोहाडी नव्हती. दुसऱ्यात मोहाडी निघाली, आत्याचं कोंढा निघालं, मामाची दिघोरीसुद्धा निघाली. बाबा खूश! पहिल्याकडे बोट करून म्हणाले, "ज्याले आपलं गाव माहीत नाही, ते परदेशात काय रस्ता सांगन?"

"काकाजी, इसमें सिर्फ इंडिया का नक्शा है. बाहर के लिए पहलेवाला लो," दुकानदार म्हणाला.

पहिलं महाग होतं. हा आपल्या गळ्यात मारून राहिला, असं बाबांना वाटलं. ते माझ्याकडे वळले. "तू सांग. भूगोलाची मॅडम तू आहेस."

दुसऱ्याच्या खोक्यावर नुसता भारताचा नकाशा छापलेला मला चांगला दिसत होता. बहीण माझ्या तोंडाकडे बघत होती. तिच्या खांद्याला नवी कोरी पर्स होती. आईने मला कधी तशी घेऊन दिली नव्हती. मी म्हटलं, "दुसरंच घ्या."

बस्स, एवढंच बोलले. परतीच्या एसटीत ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली, आणि मला उलट तिचाच राग आला, काहून एवढा विश्वास ठेवते म्हणून. जायला अजून अकरा दिवस होते. रोज मी मनाशी म्हणायची, आज हिला सांगते. रोज कोणीतरी शेजारीण तिला बघायला यायची, तिच्याशी गोड बोलायची आणि मला चहा ठेवायला सांगायची. मग मी चहाच ठेवायची. ती गेली.

पंधरा दिवसांनी फोन आला. "ताई, त्या मशीनमंधी इथले रस्तेच नाही ना! नुसता पांढरा पडदा अन् मधात मी."

रडत होती. एक आजोबा इंजेक्शनसाठी सकाळपासून उपाशी बसून होते आणि ही दीड तास गल्ल्याच फिरत राहिली. तक्रार झाली. गाडी काढून घेतली. आता आणखी एक तक्रार आली की नोकरी संपलीच म्हणे.

खोटं कशाला सांगू, ऐकताना मला आधी बरंच वाटलं. मनात म्हटलं, ये परत, लाव माझ्यासारखी हजेरी पोरांची! आणि ते आजोबा उपाशी होते हे माझ्या डोक्यात नंतर शिरलं.

तिने नाक ओढलं. "इथली मोठी नर्स विचारत होती, घेताना घरी कोणालेच समजत नव्हतं काय? मले लय राग आला. मी म्हटलं, माझी ताई भूगोल शिकवते. तिले माहीत असतं तर तिनं मले असं जाऊच दिलं नसतं. बरोबर सांगितलं ना मी?"

"हो," मी म्हणाले.