एरंडोलच्या अक्काची नक्कल

"चल, आता ती एरंडोलची म्हातारी करून दाखव," सर माइकवरून बोलले. "आणि वाकून कर हां. वाकल्याशिवाय मजा नाही."

जळगावच्या हॉटेलातला एसी हॉल. व्हिसाचं काम करणाऱ्या वकिलांची परिषद. मुंबई-पुण्याचे कोट. मीपण कोट घातलेला. धुळ्याला लॉ केलं, सनद घेतली, सरांकडे ज्युनियर लागले. सरांनीच कबूल केलेलं, म्हाताऱ्या आईबापांचे व्हिसा का नाकारतात त्यावर तू बोल. आठवडाभर आरशाचं डोकं खाल्लं मी.

आणि स्टेजवर ओळख काय दिली? "ही आमची शिरपूरच्या पुढची, जंगलातली पोरगी. नकला झकास करते. जेवणाआधी जरा टाइमपास."

नकलेचं खरं आहे. ऑफिसात तेच माझं काम. व्हिसाच्या मुलाखतीआधी माणसाची तयारी करून घ्यायची. टेबलावर कपाटाची काच उभी करायची, पलीकडे मी गोरा साहेब. आमची माणसं काच दिसली की वाकतात. रेशनच्या खिडकीची सवय. मी गोऱ्याच्या आवाजात ओरडायची, "सरळ उभं राहा, काकू!" काकू हसायची, मीपण. पण सरळ व्हायची.

एरंडोलच्या अक्काची लेक अमेरिकेत बाळंत होणार होती. खिडकीतल्या साहेबाने अक्काला विचारलं, परत येशील कशावरून? अक्का म्हणाली, "मन्ही गाय शे ना घर." खरं ते बोलली, घरची गाय सोडून ती कुठे राहणार? साहेबाला ते कारणच वाटलं नाही. व्हिसा नाही. लेक तिकडे एकटीच बाळंत झाली.

मला हेच सांगायचं होतं त्या हॉलमध्ये.

"सर, अक्काची नक्कल नाही करणार. तिच्या केसवर बोलते."

"केसवर बोलायला इथे वकील बसलेत, बेटा."

अख्खा हॉल हसला. मग मी कोण? अंगातला कोट काय गॅदरिंगचा?

मग मी सर केले, व्हिसा ऑफिसातल्या मॅडमचा फोन आल्यावरचे. फोन कानाला. खुर्चीतून अर्धं उठून. "येस मॅडम. सॉरी मॅडम. व्हेरी सॉरी मॅडम." फोनवर वाकणारा माणूस. हुबेहूब.

पुढच्या रांगेतले कोट मोबाइल काढून बघायला लागले.

"हसा ना," मी म्हटलं. माइक बंद झाला.

जेवताना माझ्या टेबलाला कोणी नाही. मुंबईच्या एक मॅडम गुलाबजाम खात आल्या. "टॅलेंट आहे तुझ्यात. टीव्हीवर ट्राय कर ना." चांगल्या मनाने म्हणाल्या. तेच जास्त झोंबलं. मागून सर आले, हळूच म्हणाले, "सोमवारपासून येऊ नको."

जळगावात दुसरं ऑफिस घेत नाही. पोरगी डोक्यावर बसते म्हणे.

अक्काकडे गेले. तिने विचारलं, "मन्हं सांगं का तिठे?"

"बोलू दिधं नही, अक्का."

तिने गायीपुढे चारा टाकला. मग म्हणाली, "नात चालाले लागनी आते. फोनवर देखस."

तिचा अर्ज मी परत भरलाय, घरी बसून. नाकारतील. मला माहीत आहे, अक्कालाही.

पुढच्या परिषदेला मी जाणार. बोलावणार कोणी नाही, तरी. अक्काची केस मांडणार, वकील म्हणून. बाहेर काढलं तर दारात उभी राहून मांडणार. हसायचं त्याने हसावं. त्या हॉलमधला कोण कसा हसला, कोणाचे दात किती दिसले, बठ्ठं पाठ शे माले.