लिंबावरच्या पाच अळ्या

फुलपाखरांना फुलं लागतात, एवढं आमच्या सोसायटीत सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांना पोरंबाळंही असतात आणि ती फुलं खात नाहीत, पानं खातात, हे मी लागोपाठ दोन मीटिंगांमध्ये सांगितलं, तेव्हा कुणीतरी चहा मागवा म्हणालं. बहुतेक मंडळी सातपूरच्या कारखान्यांतून निवृत्त झालेली. मशीनचा एक नट सैल असला तर आवाजावरून ओळखतील. पण कंपाउंडच्या भिंतीलगत ‘फुलपाखरू उद्यान’ करायचं ठरल्यावर या शहाण्यांनी आणलं काय, तर झेंडू, एक्झोरा आणि सिमेंटचं एक भलंमोठं जांभळं फुलपाखरू. मी भांडून लिंबाचं एक रोप लावून घेतलं. लिंबू सगळ्यांनाच हवं असतं, म्हणून तेवढं मंजूर झालं.

मी एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. अंडं, अळी, कोश, फुलपाखरू हे चक्र तक्त्यावर काठीनं दाखवत दाखवत निवृत्त झाले, आणि कोशातून फुलपाखरू बाहेर पडताना मी स्वतः एकदाही पाहिलेलं नव्हतं. सांगायला लाज वाटते, पण खरं आहे. म्हणून लिंबाच्या कोवळ्या पानांवर मोहरीएवढी फिकट पिवळी अंडी दिसली त्या दिवशी माझी भाजी करपली आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

मग रोज सकाळी चष्मा लावून लिंबापाशी. अळी बाहेर आली की आधी स्वतःच्या अंड्याचं टरफल खाते, मग पानाला लागते. सुरुवातीला ती हुबेहूब पाखराच्या शिटेसारखी दिसते, त्यामुळे पाखरं तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. मोठी झाली की हिरवीगार. बोट लावलं तर डोक्यामागून दोन लालसर शिंगं काढून असा उग्र वास सोडते की मी दोनदा हात धुतले. शेवटी पाच उरल्या. दिवसभर नुसतं खाणं. फुलपाखरू झाल्यावर जबडाच नाही, नळीनं मध ओढायचा, तेव्हा अंग काय भरायचं ते याच दिवसांत. शुक्रवारी सगळ्यात मोठीनं खाणं थांबवलं आणि कमरेभोवती रेशमाचा एक धागा घेऊन ती खोडाला टेकून बसली. आता तिचा कोश होणार आणि आठ-दहा दिवसांनी मी तिथं खुर्ची टाकून बसणार होते. त्या दिवसांत मला कुठं बोलावू नका, असं शेजारणीला सांगूनही ठेवलं होतं.

उद्यानाचं उद्घाटन रविवारी होतं. सोसायटीचा सेक्रेटरी माझाच जुना विद्यार्थी. राहतो शहरात, पण वणीकडे त्याची द्राक्षबाग आहे आणि सगळा जीव तिथं. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर या बागायतदारांच्या हातातला फवारा सुटत नाही. आभाळ जरा भरून आलं की फवारणी, पानावर ठिपका दिसला की फवारणी. शनिवारी सकाळी मी खाली उतरले तर लिंबाखाली माती ओली, औषधाचा भपकारा, आणि चार अळ्या वेटोळं होऊन जमिनीवर पडलेल्या. पाचवी धाग्याला लोंबत होती, काळी पडलेली.

तो नळावर पंप धूत होता. मला पाहून हसला.

“बाई, तुमच्या लिंबावर लय अळी पडली व्हती. उद्या पाहुणे येणार, अशी खाल्लेली पानं बरी दिसत नाय. म्हणून पहिला पंप तुमच्याच झाडावर मारला.”

मायेनं केलं होतं त्यानं. त्यामुळे तर माझं डोकं आणखीच फिरलं.

“फुलपाखराच्या अवस्था सांग,” मी म्हणाले.

त्यानं पंप खाली ठेवला आणि वर्गात उभा राहायचा तसा ताठ उभा राहिला. “अंडं, अळी, कोश, फुलपाखरू.”

“मग तू काय मारलंस?”

त्यानं मातीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “बाई, ती पुस्तकातली अळी. ही तर लिंबावरची हाय.”

वर्गात कधी वापरले नाहीत ते शब्द मी त्या सकाळी वापरले. लोक गॅलरीत आले. “एवढ्याशा किड्यांसाठी कशाला?” असं वरून अध्यक्ष म्हणाले, तेव्हा त्यांनाही सोडलं नाही. उद्यान फुलपाखरांचं आणि त्यांच्याच पोरांना विष, हा कुठला न्याय? जिना चढताना मात्र राग माझ्यावरच उलटला. त्यानं उत्तर मी शिकवलं तेच दिलं होतं. तक्ता फाटला की मी चिकटपट्टी लावायचे, पण लिंबाची एक फांदी तोडून वर्गात न्यायचं मला कधी सुचलं नाही.

रविवारी खुर्च्या मांडल्या, फीत कापली. पाहुण्यांचं भाषण चालू असताना भिंतीवरून एक काळं-पिवळं फुलपाखरू आलं. सगळ्यांचे मोबाइल वर झाले. ते एक्झोराकडे गेलं नाही, झेंडूकडे गेलं नाही, सरळ लिंबावर उतरलं आणि पायांनी काल फवारलेलं कोवळं पान चाचपू लागलं. मादी अशी पायांनी चव घेते आणि पान पटलं की अंडं घालते.

मी खुर्चीवरून उठले आणि पदर झटकून तिला उडवलं.

“अहो बाई, बसू द्या की तिला. फोटो घेतोय,” पाहुणे म्हणाले.

“इथं नको,” मी म्हणाले.

सेक्रेटरी हातात हार घेऊन उभा होता. ती तीनदा त्याच पानावर परत आली, आणि तिन्ही वेळा मी तिला हाकललं.